कोंबडीच्या छातीला डॉक्टर, माणसाच्या तोंडाला दस्ती



सिंदफणेवर धरण झाले, माजलगावच्या कालव्याला पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. तरी दर वर्षी कोयता घेऊन जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या गाड्या काही थांबल्या नाहीत. ज्यांना त्या गाडीत बसायचे नव्हते, त्यांच्यातल्या काहींनी कर्ज काढून रानात पत्र्याचे शेड घातले आणि कंपनीशी करार करून ब्रॉयलर कोंबडी वाढवायला घेतली. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड आपले, वीज आपली, पाणी आपले, तूस आपले आणि राबणे आपले. माल उचलला की किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज हातात पडतो. हा दर कसा ठरतो, एफसीआरच्या नावाखाली त्यातून किती कापले जाते, यावर आपल्या बैठकांत पुष्कळ वादावादी झाली आहे. या वेळी आम्ही त्याच हिशेबातली एक राहून गेलेली रक्कम मांडणार आहोत. ती आहे शेडमधल्या धुळीची, आणि ती धूळ ज्या छातीत जाते त्या छातीची.

बैठकीत हा विषय निघाला की काही जण हसतात. "शेतकऱ्याला कसली आली धुळीची भीती? आपण मातीतच जन्मलो." ज्वारीचे खळे करताना, तूर झोडताना, कापूस वेचताना कोणाच्या नाकात धूळ गेली नाही? असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देऊ.

ही धूळ मातीची नव्हे

आपल्या आजीच्या दारात दहा-बारा कोंबड्या असत. त्या दिवसभर उकिरड्यावर चरत आणि रात्री खुराड्यात नाहीतर डालग्याखाली जात. उघड्या वाऱ्यावर दहा कोंबड्यांची धूळ ती किती? आज एका पत्र्याखाली ५,००० पक्षी असतात, एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा. खाली दोन-तीन इंच तूस. त्यावर चाळीस-बेचाळीस दिवस ते खातात, विष्ठा टाकतात, पंख झाडतात, पाय खरडतात. माल उचलून नेला की पक्ष्यामागे साधारण एक किलो, म्हणजे पाचेक टन खत शेडमध्ये राहते. ते खरवडायचे, घमेल्यात भरायचे, ट्रॉलीत टाकायचे, मग जमीन झाडायची आणि जाळ्या झटकायच्या. हे सगळे एक-दोन दिवसांत, बंद छपराखाली.

त्या वेळी जी धूळ उडते तिच्यात माती नावापुरती असते. वाळलेली विष्ठा, पिसांचा भुगा, कातडीचे पापुद्रे, खाद्याचे पीठ, तुसाची कुसळे, बुरशीचे बीजाणू आणि मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातले विष, असा तो मसाला असतो. या विषाला शास्त्रात एंडोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू मेला तरी ते मरत नाही. शिवाय विष्ठेतून निघणारा अमोनिया डोळ्यांना आणि घशाला झोंबत असतो.

आता माप बघा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते, शिंकेवाटे बाहेर पडते. खळ्यावरची बरीचशी धूळ या जातीची. पाच मायक्रॉनच्या खालचे कण मात्र नाक आणि घसा ओलांडून फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. कोंबडीच्या शेडात असे कण भरपूर असतात, आणि उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून आली तरच ते दिसतात. एरवी हवा स्वच्छ वाटते.

त्यात काम कष्टाचे. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा ओढतो. फावडे मारताना तोच माणूस तीस-चाळीस लिटर ओढतो, आणि धाप लागली की नाक सोडून तोंडाने ओढतो. म्हणजे हवा सर्वांत घाण असते तेव्हाच आपण ती सर्वांत जास्त गिळतो, आणि तीही नाकाची चाळणी चुकवून.

कोंबडी शिंकली की धावपळ, माणूस खोकला की विडी सोड

आमच्यापैकी ज्यांनी कृषीची पदवी घेतली त्यांना कोंबडीच्या श्वसनरोगांवर धडे होते. राणीखेत, सीआरडी, संसर्गजन्य ब्राँकायटिस. लक्षणे पाठ, लसीचे वेळापत्रक पाठ. शेडमधला अमोनिया २५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये, हेही पाठ. का? कोंबडीची श्वासनलिका भाजते, वजन भरत नाही, एफसीआर बिघडतो. धडा तिथे संपायचा. त्याच शेडमध्ये, त्याच हवेत फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेचा उल्लेख पुस्तकात नव्हता.

शेतावर तरी काय वेगळे आहे? कंपनीचा सुपरवायझर येतो. रात्री शेडमध्ये शांत उभा राहून कान देतो, पक्ष्यांच्या छातीत घरघर आहे का ते ऐकतो. चार पक्षी शिंकले तर फोन जातो, डॉक्टर येतो, पाण्यातून औषध सुरू होते. चांगली गोष्ट आहे, ते त्याचे कामच आहे. पण शेडवाल्याची बायको महिनाभर खोकते आहे हे त्याच सुपरवायझरच्या कानावर पडत नाही का? पडते. पण त्याच्या बॅच कार्डावर तिच्यासाठी रकाना नाही. कोंबडी कंपनीची आहे, छाती आपली आहे. ज्याची मालकी त्याला काळजी, हा व्यवहार आहे. मग आपल्या मालकीची छाती आपण का सांभाळत नाही?

आणखी एक दृश्य आठवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये तोच रोग शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला. दोन्ही वेळा सरकारी पथके आली ती अंगभर पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, तोंडावर मास्क अशी. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. पथकाने काळजी घेतली हे योग्यच झाले. आमचा प्रश्न एवढाच की, त्याच शेडात वर्षानुवर्षे उघड्या तोंडाने वावरणारा माणूस त्या दिवसापर्यंत कोणाला दिसला नव्हता काय? पुढे नुकसानभरपाई ठरली ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. माणसाच्या छातीचा रकाना त्या तक्त्यातही नव्हता.

"शेड झाडल्याचा ताप" ओळखा

शेड साफ केल्याच्या दिवशी, काम संपल्यावर चार ते आठ तासांनी, हुडहुडी भरून ताप येतो. अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप उतरते. माणूस म्हणतो, दमणूक झाली. डॉक्टर म्हणतो, व्हायरल आहे. एक सुई, चार गोळ्या, दोनशे रुपये. पुढच्या बॅचला पुन्हा तेच. वर्षात पाच-सहा बॅच निघतात आणि पाच-सहा वेळा हा "व्हायरल" नेमका खत काढल्याच्या संध्याकाळीच येतो! एवढा शहाणा विषाणू जगात नाही. हा धुळीतल्या विषाचा ताप आहे. शास्त्रात त्याला सेंद्रिय धुळीची विषबाधा म्हणतात.

हा झाला सौम्य प्रकार. दुसरा प्रकार वाईट. काहींच्या शरीराला पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांचे वावडे निर्माण होते. मग थोड्या धुळीनेही फुफ्फुस सुजते. धूळ चालूच राहिली तर सूज जाऊन तिथे व्रण उरतात, आणि व्रण पडलेले फुफ्फुस पुन्हा पहिल्यासारखे फुगत नाही. चढ चढताना दम लागतो, वजन उतरते, खोकला पाठ सोडत नाही. याशिवाय दमा आणि जुनाट ब्राँकायटिस आहेतच.

इथे एक धोका आहे. खोकला, बारीक ताप, वजन उतरणे ही लक्षणे क्षयाचीही आहेत. क्षय आपल्या भागात आहे, तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर बेडक्याची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण बेडका न तपासता क्षयाच्या गोळ्या सुरू करू नका, आणि तपासणीत क्षय नाही असे निघाले म्हणून काहीच झाले नाही असेही समजू नका. डॉक्टरपुढे बसल्यावर पहिले वाक्य हे बोला: "मी कोंबड्यांच्या शेडात काम करतो, आणि खत काढले की मला त्रास होतो." हे वाक्य सांगितले नाही तर एमडी डॉक्टरलाही रोग सापडणे कठीण. अंबाजोगाईला आपल्याच जिल्ह्यात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जा आणि हेच वाक्य सांगा.

दस्ती, पदर आणि गूळ

आपले तीन उपाय पिढीजात आहेत. पुरुष तोंडाला दस्ती किंवा उपरणे बांधतात, बायका पदर गुंडाळतात, आणि संध्याकाळी सगळे गुळाचा खडा खातात.

कापडाच्या दोन धाग्यांमधली भोके या बारीक कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. दस्तीने पिसे अडतील, तूस अडेल. ज्या कणांनी रोग होतो ते तिच्यातून आरपार जातात. त्यातून घामाने आणि श्वासाने कापड ओले झाले की हवा कडेने ओढली जाते. समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही.

गुळाचे तसेच. जिनिंगमध्ये, सिमेंटच्या कामावर, सगळीकडे धुळीवर गूळ वाटायची रीत आहे. गूळ जातो पोटात, धूळ जाते फुफ्फुसात. दोन्ही नळ्या वेगळ्या. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर गुळाचा प्रयोग करून काही फायदा दिसल्याचे १९९४ साली छापले, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उंदरावरच्या प्रयोगातून माणसाला धुळीत उभे करण्याचा परवाना मिळत नाही. आम्ही ऊस पिकवणाऱ्यांच्या मुलखात राहतो. गूळ खा, खुशाल खा. पण मास्कच्या जागी कोणी मजुराच्या हातावर गूळ ठेवत असेल, तर तो स्वस्तात सुटतो आहे एवढे ओळखा.

किलोमागे पाच पैसे

आता हिशेब. ५,००० पक्षी, दोन किलोचा एक, म्हणजे एका बॅचला १०,००० किलो माल. साफसफाईला सहा माणसे दोन दिवस. माणशी रोज एक चांगला एन-९५ मास्क धरला तर १२ मास्क. ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन टंचाईत, राज्य सरकारने एन-९५ मास्कची कमाल किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरवली होती. आपण मास्कला ४० रुपये धरू. १२ मास्कचे झाले ४८० रुपये. भागिले १०,००० किलो. उत्तर येते किलोमागे पाच पैशांहूनही कमी.

पाच पैसे! हे नाणे आता बाजारात चालतही नाही. एवढ्या रकमेसाठी सहा माणसांची फुफ्फुसे धुळीत घातली जातात. तेव्हा "परवडत नाही" असे कोणी म्हणू नये. कंपनीने तर मुळीच म्हणू नये, कारण पक्ष्यांच्या औषधाचे पैसे तिला बरोबर परवडतात.

आपली चळवळ उभी राहिली ती उत्पादन खर्चाच्या प्रश्नावर. १९८० साली चाकणला कांद्याचा प्रश्न घेऊन शेतकरी रस्त्यावर उतरला तेव्हापासून आपण एकच विचारत आलो: खर्चात काय काय धरले? पिकाचा खर्च काढताना कृषी मूल्य आयोग अवजारांचा घसारा धरतो. घरच्या माणसांच्या मजुरीचा अंदाज धरतो, कमी का होईना. कोंबडीच्या धंद्यात बँक कर्ज देताना शेडचा, पंख्याचा, भांड्यांचा घसारा मांडते. पंखा दहा वर्षांत झिजतो हे बँकेला समजते. मग छातीच्या घसाऱ्याचे काय? पंखा बदलता येतो. जी रक्कम खर्चात धरली जात नाही ती नाहीशी होत नाही, कोणीतरी ती भरतच असते. इथे ती शेडवाला भरतो, त्याची बायको भरते, आणि रोजाने आलेली मजूरबाई भरते.

बीड जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांवर बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. खाडा परवडत नाही म्हणून पिशवी काढली, असे सांगणाऱ्या बाया आपल्याच गावांतल्या होत्या. स्वस्त साखरेची किंमत कोणाच्या तरी शरीरातून वसूल झाली होती. स्वस्त चिकनची किंमतही तशीच वसूल होत असेल, तर ती आजच बोलून दाखवली पाहिजे. पाहणी समिती येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

कायद्याला शेड दिसत नाही

गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती आवळते, सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी जास्त. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले त्यांच्या यादीत हा होता. कारण गिरणी कामगार एका छपराखाली हजारांनी होते आणि त्यांच्या युनियन होत्या. उत्तर इंग्लंडमध्ये बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा आजार कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने १९३२ साली नोंदवला. त्याला नावच पडले "शेतकऱ्याचे फुफ्फुस", आणि १९६० च्या दशकात तो ब्रिटनमध्ये धंद्यातून होणाऱ्या रोगांच्या यादीत आला. पक्ष्यांच्या धुळीने होणारा रोग त्याचाच सख्खा भाऊ.

आपल्याकडे कोंबडीपालन हा "शेतीपूरक जोडधंदा". शेडात राबणारी माणसे दोन-तीन, साफसफाईला पाच-सहा. जुना कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांपासून लागू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेने ती मर्यादा वीसवर नेली. म्हणजे कायद्याचा उंबरठा होता त्याहून उंच झाला, आणि आपले शेड तेव्हाही बाहेर होते, आताही बाहेरच आहे. निरीक्षक येणार नाही. निरीक्षक राज हवे असे आम्ही म्हणतही नाही, त्याचा अनुभव शेतकऱ्याला पुरेसा आहे. आम्ही करारावर बोट ठेवतो. कंपनीचा करार पानेच्या पाने असतो. पिल्लू किती अंश तापमानात ठेवायचे, कोणते औषध कधी द्यायचे, शेडमध्ये बाहेरचा माणूस येऊ द्यायचा की नाही, सगळे त्यात असते. साफसफाई करणाऱ्याच्या श्वासाबद्दल त्यात एक ओळ घाला म्हणणे ही भीक नव्हे. दोन बाजूंच्या व्यवहारातली ती साधी अट आहे.

आणि एक कडू गोष्ट आपसातच बोलू. खत काढायला आपण ज्या बाया रोजाने लावतो, त्यांना आपण तरी मास्क देतो का? कंपनी आपल्याशी जशी वागते तसेच आपण त्यांच्याशी वागलो, तर कोणत्या तोंडाने कंपनीशी भांडायचे? १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनापासून शेतकरी स्त्रीच्या कष्टाचा हिशेब मागण्याची परंपरा या चळवळीत आहे. तो हिशेब आपल्या शेडच्या दारातून सुरू होतो.

शेड असे साफ करा

भाषण पुरे. पुढच्या बॅचला हे करा.

१. माल उचलल्यावर सगळे पडदे वर करा आणि शेड निदान एक पूर्ण दिवस उघडे ठेवा. अमोनिया निघून जाऊ द्या. नाकाला वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही. नाक सरावते.

२. खत कोरडे खरवडू नका. मूठभर हातात घेऊन दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओले, हलकेच जमून बोटाने सुटले तर बरोबर, जमलेच नाही तर कोरडे आणि धुळीचे. बरोबर म्हणजे २० ते २५ टक्के ओल. कोरडे असेल तर पाठीवरच्या पंपाने बारीक फवारा मारा, अर्धा तास थांबा, मग फावडे लावा. खालचा थर उघडा पडेल तसा पुन्हा मारा. ५,००० पक्ष्यांच्या शेडला सगळे मिळून २०० लिटर, म्हणजे एक ड्रम पाणी पुरते. दुष्काळातही एवढे निघते. चिखल मात्र करू नका. फार ओले झाले की अमोनिया उसळतो आणि खत नासते.

३. तणनाशकाचा पंप यासाठी वापरू नका. टू-फोर-डीचे राहिलेले थेंब खतातून रानात गेले तर कापसाची पाने वाकडी होतील. पाण्याचा पंप वेगळा ठेवा.

४. वारा पाठीवर घ्या. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून कामाला लागा. फावड्याने खत फेकू नका, घमेल्यात ठेवा. ट्रॉलीत ओतताना उंचावरून ओतू नका. खराट्याने कोरडे झाडणे आणि ब्लोअरने उडवणे बंद. जमीन आणि जाळ्या पाण्याने धुवा.

५. मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या. वर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघा. दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबलेली, कडेने हवा येता कामा नये. दाढी असेल तर मास्क बसत नाही, शेड साफ करण्याआधी ती उतरवा. ओला झाला, श्वास जड लागला की मास्क बदला. शेडात खिळ्याला टांगलेला मास्क दुसऱ्या दिवशी वापरू नका. उन्हासाठी डोक्याला उपरणे खुशाल बांधा.

६. हा मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. अमोनिया झोंबत असेल तर बाहेर या. फॉर्मलिनची धुरी देणार असाल तर धुरी लावणाऱ्याने लगेच बाहेर पडावे आणि शेड पूर्ण हवेशीर होईपर्यंत कोणीही आत जाऊ नये. फॉर्मलिनच्या वायूची माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणना झाली आहे.

७. काम पहाटे-सकाळी करा. बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली मास्क टिकत नाही, हे आम्हालाही कळते. दीड-दोन तासांनी माणसे बदला, बाहेर येऊन पाणी प्या. डोळ्यांना साधा चष्मा, हातात मोजे असू द्या.

८. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मूल यांना या कामाला लावू नका. काम झाल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला उचला. ते कपडे वेगळे धुवा.

९. घरच्या खुराड्यालाही हेच. खुराडे झाडताना बाई खाली वाकून तोंड आत घालते, धूळ थेट नाकात जाते. आधी पाणी शिंपडा, मग फडक्याने किंवा खुरप्याने ओले काढा. पोरांना खुराड्यात शिरून झाडायला लावू नका.

१०. खत रानात न्यायचे असेल तर ओलसर ढीग करून झाका आणि कुजू द्या. कोंबडखतात साधारण तीन टक्के नत्र असते. ढीग उघडा वाळवला तर नत्र हवेत जाते आणि धूळ छातीत जाते. दोन्हीकडून तोटा.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा ठराव

एक: कोंबडीपालनाच्या प्रत्येक करारात, औषधाप्रमाणेच दर बॅचला ठरावीक मास्क, मोजे आणि चष्मे कंपनीने स्वखर्चाने द्यावेत, अशी अट घातली जावी. ती अट नसलेल्या करारावर नवी सही करू नये.

दोन: ग्रोइंग चार्ज ठरवताना साफसफाईची मजुरी आणि संरक्षणाचा खर्च वेगळा दाखवून धरावा.

तीन: बॅच कार्डावर माणसांच्या ताप-खोकल्याचा रकाना असावा. कंपनी छापत नसेल तर आपण हाताने आखू आणि सहा महिन्यांच्या नोंदी पुढच्या बैठकीत मांडू.

चार: माजलगावच्या ग्रामीण रुग्णालयात फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची सोय कायम असावी, आणि शेडवाल्यांची व मजुरांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी.

पाच: बर्ड फ्लूच्या भरपाईत शेडवर राबणाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च धरावा.

सहा: या संघटनेचा सभासद आपल्या शेडमध्ये मजुराला मास्क दिल्याशिवाय खताला हात लावू देणार नाही. ही अट सरकारवर नाही, कंपनीवर नाही, आपल्यावर आहे. म्हणून ती आजपासून लागू.

ज्यांची शेडे आहेत त्यांनी बैठकीला येताना आपला करार सोबत आणावा. एकेक करार वाचून, साफसफाईबद्दल त्यात काय लिहिले आहे ते सगळ्यांसमोर बघू. घामाचे दाम मागत आपण इथवर आलो. आता त्याच हिशेबात श्वासाचे दामही मांडायचे आहेत, आणि सुरुवात किलोमागे पाच पैशांपासून करायची आहे.